जखम बोटाला, अवधाण जांघेत कसं?

प्रश्न : पायाच्या बोटात काटा मोडला. तिसऱ्या दिवशी बोटात पू झाला आणि जांघेत दुखरी गाठ आली. विष वर चढलं असेल का?

उत्तर : विष चढलेलं नाही. जांघेतलं अवधाण, म्हणजे ही गाठ, ही सुजलेली लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) आहे, जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा तळ. तिच्यात काय चाललंय ते कळायला आधी बोटाकडे बघावं लागेल.

काट्याबरोबर जिवाणू कातडीखाली गेले, की तिथे कायम मुक्कामाला असलेल्या भक्षक पेशी त्यांना कवचावरून ओळखतात आणि रसायनं सोडतात. त्यामुळे आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात. बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं ते यामुळे. काही तासांतच रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जिवाणू गिळू लागतात. त्यातच त्या मरतात. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशी. अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते, म्हणून हा खर्च शरीराला झेपतो.

त्याच वेळी दुसऱ्या काही पेशी जिवाणूंचे तुकडे घेऊन लसीकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवती पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, जांघेतल्या ग्रंथीत पोचतात. तिथे लिम्फोसाइट नावाच्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात, पण प्रत्येकीला जवळपास एकच आकार ओळखता येतो. आणलेल्या तुकड्याशी जुळणारी पेशी सापडावी म्हणून ग्रंथी पेशींना काही काळ बाहेर जाऊ देत नाही, आणि तिच्याकडे येणारं रक्तही वाढतं. पेशी जुळली की ती दुपटी-दुपटीने वाढत जाते. एकीच्या हजारो व्हायला चार-पाच दिवस लागतात. या गर्दीने ग्रंथीचं आवरण ताणलं जातं आणि गाठ दुखते.

बोटात काट्याचा तुकडा राहिला असेल तर आधी तो निघाला पाहिजे. आत रुतलेल्या वस्तूवर चिकटलेले जिवाणू पेशींना नीट गिळता येत नाहीत, म्हणून पू आटत नाही. वरवरचा असेल तर स्वच्छ चिमट्याने काढा, खोल असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा. पू पिळून काढायचा मोह टाळा, कारण दाबामुळे जिवाणू आजूबाजूच्या चांगल्या मांसात ढकलले जातात. अवधाणही चोळू नका. बोट बरं झाल्यावर ते उतरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गाठ न दुखणारी, टणक, जागची न हलणारी असेल किंवा वाढतच चालली असेल, तर तीही तपासून घ्यावी.

धनुर्वाताच्या लसीचे सुरुवातीचे सगळे डोस झाले असतील, तरी खोल किंवा मळक्या जखमेनंतर शेवटच्या डोसला ५ वर्षं होऊन गेली आहेत का, ते पाहा. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी ही मुदत १० वर्षांची. इथे लसीला पर्याय नाही. धनुर्वाताचं विष इतक्या कमी मात्रेत मारक ठरतं, की तेवढ्याने प्रतिकारशक्ती जागीच होत नाही. त्यामुळे धनुर्वातातून बऱ्या झालेल्या माणसालाही लस घ्यावी लागते.

प्रश्न : ताप ही शरीराची लढाई असेल, तर तापाची गोळी घेणं चूक का?

उत्तर : चूक नाही. पांढऱ्या पेशींच्या निरोपावरून मेंदू शरीराचं तापमान मुद्दाम वर नेतो. अंग तापलेलं असताना थंडी वाजते ती त्यामुळे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू मरत नाहीत. अंगदुखीने झोप लागत नसेल तर जरूर घ्या. मोठ्या, निरोगी माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान ४ तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घोटाळा होतो तो सर्दीच्या औषधांमुळे. त्यांतल्या अनेकांत पॅरासिटामॉल असतंच, आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊन यकृताला इजा होते. म्हणून वेष्टनावरचे घटक वाचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, तर घरी औषध न देता लगेच दवाखान्यात न्या.

प्रश्न : गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही म्हणतात. मग फ्लू पुन्हा पुन्हा कसा होतो?

उत्तर : संसर्ग ओसरल्यावर त्याला ओळखणाऱ्या काही पेशी मागे उरतात. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. तिथल्या ज्या म्हाताऱ्यांना १७८१च्या साथीत गोवर झाला होता, त्यांना तो पुन्हा झाला नाही, असं डॅनिश डॉक्टर पीटर पानुम यांनी नोंदवलं. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर आलाच नव्हता, म्हणजे आठवण पहिल्या वेळचीच टिकली होती.

गोवराच्या विषाणूचा जो भाग प्रतिपिंडं (जंतूंना चिकटणारी रक्तातली प्रथिनं) ओळखतात, तो फारसा बदलत नाही. फ्लूचा विषाणू मात्र पृष्ठभागावरची प्रथिनं सतत बदलत राहतो. जुनी प्रतिपिंडं त्याला अर्धवटच ओळखतात, म्हणून फ्लूची लस दरवर्षी नवी घ्यावी लागते.

पण गोवर होऊन गेलेला बरा, असं कृपया समजू नका. हा विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशींनाच मारतो, त्यामुळे आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेलं बरंचसं संरक्षण पुसलं जातं आणि पुढची दोन-तीन वर्षं मूल इतर संसर्गांना सहज बळी पडतं. लसीतल्या दुबळ्या विषाणूने असं होत नाही.