वाचक विचारतात : महानगरातले बंदूकधारी पोलीस

सुट्टीत मुंबई-दिल्ली पाहून आलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या वाचकांची बरीच पत्रं या खेपेला एकाच विषयावर आली. त्यांतली काही निवडून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : चालुक्य एक्स्प्रेसनं दादरला उतरलो, दुसऱ्या दिवशी सीएसएमटी बघायला गेलो. आत आडोशामागं मोठ्या बंदुका घेतलेले पोलीस उभे. आमची मंडळी घाबरली, ‘आज काहीतरी घडलंय बघा’ म्हणायला लागली. आपल्याकडं सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनाला हजारांनी पोलीस येतात, पण हातात काठ्याच जास्त. मुंबईत हे रोजचंच असतं काय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : रोजचंच असतं. तो पहारा त्या दिवशीच्या धोक्यामुळे नव्हता, ती कायमची नेमणूक आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री याच स्थानकात लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात दोन अतिरेक्यांनी एके-47 चालवल्या आणि 50 हून जास्त माणसं गेली. तेव्हा तिथल्या पोलिसांपैकी अनेकांच्या हातात काठी होती, काहींकडे जुनी .303 रायफल. .303 मध्ये प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागं-पुढं ओढावा लागतो, समोरचा तेवढ्या वेळात अर्धं मॅगझीन रिकामं करतो. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत हाती लागला. 2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. मुंबईतल्या बंदोबस्ताकडे पाहताना ही रात्र विसरून चालत नाही.

दुसरा धडा वेळेचा होता. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हरियाणातल्या मानेसरहून विमानानं यायला कित्येक तास लागले. म्हणून 2009 पासून या दलाची केंद्रं मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथंही आहेत, आणि महाराष्ट्रानं 2010 मध्ये स्वतःचं ‘फोर्स वन’ हे कमांडो पथक उभं केलं. हे कमांडो येईपर्यंतची पहिली काही मिनिटं कुणीतरी लढवायला हवीत. तुम्ही पाहिलेला आडोशामागचा जवान त्यासाठीच उभा असतो. त्यानं जागा सोडायची नसते आणि गर्दीवरची नजर काढायची नसते.

आता कोण कोण ते. स्थानकात दोन दलं असतात. गुन्ह्याची नोंद आणि तपास लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे राज्य सरकारच्या पोलिसांकडे. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा रेल्वे सुरक्षा दलाकडे, म्हणजे केंद्राच्या आरपीएफकडे. खिसा कापला गेला तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे द्यायची. बाहेर रस्त्यावर मुंबई पोलीस. त्यांच्यातही पोलीस ठाण्याचे वेगळे आणि नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ इथले सशस्त्र पोलीस वेगळे. ही विभागणी आपल्याकडेही आहे : जिल्ह्यात डीएआर (जिल्हा सशस्त्र राखीव पोलीस), बेळगाव शहरात सीएआर (शहर सशस्त्र राखीव पोलीस), आणि मच्छेला कर्नाटक राज्य राखीव पोलिसांची तुकडी. फरक एवढाच की आपल्याकडे ही मंडळी अधिवेशन, निवडणूक, मिरवणूक अशा वेळी नजरेला पडतात.

पत्ता विचारायचा तर आडोशामागच्या जवानाला विचारू नका. तो तुटक बोलेल किंवा हातानंच पुढं जा म्हणेल, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला बोलण्यात गुंतवून दुसऱ्यानं हत्याराला हात घालायचा, ही जुनी युक्ती त्याला शिकवलेली असते. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी रायफल साखळीनं कमरपट्ट्याला अडकवलेली दिसते. काठीवाला, वायरलेसवाला किंवा वाहतुकीचा पोलीस गाठा. मुंबईत सरळ मराठीत विचारा.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. दिल्लीहून आल्यापासून कुठली बंदूक कुठली हेच विचारत असतो. ओळखायची कशी? आणि गर्दीत एवढी मोठी हत्यारं घेऊन उभं राहणं धोक्याचं नाही का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी मॅगझीन बघायला सांगा. पुढच्या बाजूला केळ्यासारखं ठळक वाकलेलं, 30 गोळ्यांचं मॅगझीन आणि लाकडी किंवा काळा दस्ता असेल तर ती एके घराण्यातली. तिची गोळी 7.62 × 39 मिलिमीटर. अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं, आतल्या गोळ्या दिसणारं मॅगझीन असेल तर इन्सास : 5.56 मिलिमीटर, 20 गोळ्या, एकेक किंवा तीन-तीनच्या फैरीत सुटणाऱ्या. लांबलचक, चार किलोंच्या वरची, जवळपास सरळ मॅगझीनची रायफल ही एसएलआर. तिची गोळी 7.62 × 51 आणि एका दाबाला एकच. लहानखुरी, छातीशी आडवी धरलेली एमपी-5 विमानतळावर किंवा कमांडोंच्या हातात दिसते. तिला पिस्तुलाचीच 9 मिलिमीटरची गोळी लागते.

गर्दीतल्या धोक्याबद्दलची शंका रास्त आहे. एसएलआरची गोळी एका माणसातून आरपार जाऊन मागच्यालाही लागू शकते, त्यामुळे बंद दालनात ती अडचणीची. 9 मिलिमीटरची गोळी कमी जोराची आणि हत्यारही आखूड, म्हणून दाट गर्दीत ते सोयीचं पडतं. तरीही पोलिसांना मिळालेलं हत्यार वापरावं लागतं, सगळ्यांकडे सगळीकडे एमपी-5 नसते. उत्तर प्रदेश पोलिसांनी .303 ला निरोप दिला तोच 2020 च्या प्रजासत्ताकदिनी.

प्रशिक्षित हात ओळखायचा तर बोट पाहा. ते ट्रिगरवर नसतं, ट्रिगरच्या कड्याबाहेर सरळ ठेवलेलं असतं. नळी जमिनीकडे, पट्टा खांद्यावर. खानापूरच्या वाचकांच्या मंडळींना बंदूक ‘रोखलेली’ वाटली असेल तर बहुधा ती आडोशावर टेकवलेली असावी.

प्रश्न : आम्ही बचत गटाच्या बायका गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली-आग्रा करणार आहोत. मेट्रोत प्रत्येक वेळी अंगझडती होते म्हणे. दागिन्यांचं काय? सोबत दोन वयस्कर आहेत, त्यांची पानाची चंची सुटत नाही. (चिकोडी तालुक्यातील वाचक)

उत्तर : दिल्ली मेट्रोची सुरक्षा 2007 पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे आहे. निजामुद्दीनला उतरून मेट्रो धरलीत की पहिल्याच दारात ते भेटतील. बायकांची रांग वेगळी. तिथं पडद्याच्या आड महिला जवानच हातातलं यंत्र अंगावरून फिरवते. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी काढायला सांगत नाहीत. यंत्र वाजलं तरी दागिना दिसला की पुढं सोडतात. कमरेला लुगड्यात खोचलेली किल्ल्यांची जुडी, चुनाळं किंवा नाण्यांची पिशवी मात्र वाजते आणि दिसत नाही. तिथंच रांग अडते. ह्या वस्तू आधीच मोठ्या पिशवीत टाका.

चोरी होते ती पिशवीच्या पट्ट्यावर. आपण झडतीच्या रांगेत मागं आणि पिशवी एक्स-रे यंत्रातून कधीच पलीकडे गेलेली, असं होऊ देऊ नका. गटातल्या एकीला पहिल्यांदा रिकाम्या हातानं पलीकडे पाठवा. ती पट्ट्याच्या तोंडाशी उभी राहिली की बाकीच्यांनी एकेक पिशवी सोडावी. सगळ्यांच्या पिशव्यांना एकाच रंगाची चिंधी बांधा, कारण काळ्या बॅगा दिल्लीत ढिगानं असतात. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ टाळता आलं तर टाळाच.

चंचीबद्दल सांगायचं तर ताजमहालाच्या आत तंबाखू, काडेपेटी, लायटर, चाकू, खाण्याचे पदार्थ चालत नाहीत. तिथंही पहारा सीआयएसएफचाच. ती चंची मुक्कामाच्या खोलीत राहू द्या. शुक्रवारी ताज बंद असतो, हे तिकीट काढतानाच ध्यानात घ्या. परतीला विमान असेल तर अडकित्ता, सुरी आणि तिखटाची पूड हातातल्या बॅगेत नको, खाली जाणाऱ्या सामानात टाका. उलट पॉवर बँक हातातल्याच बॅगेत हवी, खालच्या सामानात चालत नाही. काडेपेटी आणि लायटर दोन्हीकडे बाद. नातेवाइकांसाठी नेलेला कुंदा कुठंही ठेवा.

प्रश्न : बंदूकधारी पोलिसांचा फोटो काढला तर गुन्हा होतो का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर पोलीस फोटोत आला, एवढ्यानं गुन्हा होत नाही. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यात ‘निषिद्ध ठिकाणां’ची व्याख्या आहे. पोलीस ठाणं त्या व्याख्येत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2022 मध्ये स्पष्ट केलं. नौदलाची गोदी, विमानतळावरची तपासणीची जागा अशा ठिकाणी मात्र कॅमेरा खिशात ठेवा. गेटवेचा फोटो खुशाल काढा, पण तिथून जवळच लायन गेटच्या बाजूला नौदलाची भिंत लागते, तिकडे भिंग वळवू नका. दिल्ली मेट्रोत रील करायला मनाई आहे. आणि जवानाशेजारी उभं राहून सेल्फी मागू नये. त्याचं लक्ष मोडतं, हे कारण पुरेसं आहे.

प्रश्न : केए-22 ची गाडी घेऊन मुंबईला जातो. रात्रीच्या नाकाबंदीत बाजूला एक बंदूकवाला असतोच. शिवाय माझ्या आधारकार्डावर कन्नड आणि इंग्रजी आहे, मराठी नाही. त्यावरून अडवतील का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : कार्डाची चिंता नको. इंग्रजी मजकूर आणि क्यूआर कोड सगळीकडे वाचता येतो.

नाकाबंदीची रचना समजून घ्या. अडथळे वाकडेतिकडे लावतात, म्हणजे गाडी वेग घेऊ शकत नाही. काचेपाशी येतो तो बिनबंदुकीचा पोलीस. बंदूकवाला थोडा मागं, बाजूला असतो, कारण त्याला तुमचे हात आणि आपला साथीदार दोन्ही एकदम दिसायला हवेत. तेव्हा दिवे मंद करा, काच पूर्ण खाली घ्या, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा. कागद मागितल्यावर ‘डॅशबोर्डमध्ये आहेत, काढतो’ असं सांगून मगच हात घाला. न विचारता खाली उतरू नका. सगळ्यात वाईट म्हणजे नाकाबंदी पाहून गाडी उलट वळवणं. कागद घरी राहिले म्हणून कुणी वळतो आणि पोलिसांना तो पळणारा संशयित दिसतो. लायसन्स, नोंदणी, विमा, पीयूसी हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपवर दाखवलेले चालतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो चालत नाही, आणि वाद बहुतेक याच मुद्द्यावर होतात.

निवडणुकीच्या काळात राज्याच्या सीमेवर कोगनोळीला आणखी एक तपासणी होते. 50,000 रुपयांच्या वर रोख असेल तर पुरावा जवळ हवा. बँकेतून काढल्याची नोंद, नाहीतर तंबाखूची किंवा गुळाची अडत्याकडची पट्टी. पट्टीवर तारीख आणि नाव नसेल तर पैसे जप्त होतात आणि सोडवायला हेलपाटे पडतात.

प्रश्न : स्थानकात बॅग विसरली आणि पोलिसांनी तिला दोरखंड लावून घेरा घातला, असं झालं तर पुढं होऊन सांगावं की गप्प बसावं? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : लगेच सांगा, पण घेऱ्यात शिरू नका. बॅगेकडे धावणारा माणूस त्या क्षणी पोलिसांना सगळ्यात धोक्याचा वाटतो. घेऱ्याबाहेरच्या पोलिसाला हात वर करून हाक मारा, तिकीट आणि ओळखपत्र हातात धरा. बॅगेचा रंग, कुलूप, आत काय काय आहे, कुठल्या बाकाजवळ किती वाजता ठेवली होती, एवढं सांगा. श्वानपथक किंवा बॉम्बशोधक पथक आलं असेल तर त्यांचं काम पुरं होईपर्यंत बॅग मिळत नाही. गाडी सुटत असेल तर 139 वर फोन करून आरपीएफकडे नोंद करा. बॅग नंतर ताब्यात घेता येते, तेव्हा ओळखपत्राबरोबर आतल्या वस्तूंची यादी पुन्हा विचारतात आणि ती जुळावी लागते.