हिरवळीच्या जागी स्थानिक झाडांची बाग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या सार्वजनिक उद्यानातली हिरवळ काढून स्थानिक झुडपं लावायचा विचार आहे. पाणी खरंच किती वाचेल?

उत्तर: कडक उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. 500 चौरस मीटरचा तुकडा असेल तर रोज 2500 लिटर. फवाऱ्यातून वाऱ्यावर उडून जातं ते वेगळंच. नीट रुजलेल्या कोरड्या जागेच्या झुडपांना पंधरा-वीस दिवसांतून एकदा खोलवर पाणी दिलं तरी चालतं. पहिल्या वर्षी मात्र बचतीचा आकडा धरू नका, रोपं रुजेपर्यंत त्यांना आठवड्यातून दोनतीनदा पाणी द्यावंच लागतं.

झाड स्थानिक आहे एवढ्यावरही विसंबू नका. ओढ्याकाठचं स्थानिक झाड उघड्या मुरमावर टिकत नाही. शिवाय सगळी हिरवळ काढायची गरज नसते. जिथे मुलं खेळतात ती राहू द्या. उतार, कडेच्या अरुंद पट्ट्या, कोणी पाय ठेवत नाही ते कोपरे आधी घ्या.

प्रश्न: हरळी खणून काढली, तरी महिन्याभरात पुन्हा उगवली. तणनाशक न मारता काय करता येईल?

उत्तर: हरळीच्या जमिनीखालच्या प्रत्येक पेराला डोळा असतो. रोटाव्हेटर (माती फिरत्या पात्यांनी भुसभुशीत करणारं यंत्र) फिरवला की एका कांडीचे दहा तुकडे होतात आणि दहाही फुटतात. त्यामुळे तो अजिबात नको. गवत जमिनीलगत कापा, माती वीतभर खोल ओली करा आणि 25 ते 50 मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून अंथरा. कडा चारी बाजूंनी गाडा. फट राहिली की वाफ निसटते आणि तिथली हरळी वाचते. वर्षातले सर्वांत तापलेले सहा आठवडे ते तसंच ठेवा. सावलीत हा उपाय चालत नाही.

तरीही खोलवरच्या काही कांड्या जिवंत राहतात. म्हणून प्लास्टिक काढल्यावर लगेच लागवड करू नका. पाणी द्या, दोनतीन आठवडे थांबा, फुटवे दिसले की ओल्या मातीतून बागकामाच्या काट्याने मुळासकट उपसा. हे एकदा पुन्हा करा. शेजारी हिरवळ ठेवली असेल तर मधे 25-30 सेंटिमीटर खोल उभी पट्टी गाडा, नाहीतर हरळी खालून परत येते.

प्रश्न: हिरवळीतल्या जुन्या झाडांना काही करावं लागेल का?

उत्तर: सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, आणि ते एकदोन वर्षांनी दिसतं. या झाडांची बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटात पसरलेली असतात आणि हिरवळीच्या पाण्यावर वाढलेली असतात. फवारे एकदम बंद केले की शेंडे वाळू लागतात. झाडांना स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या आणि कोरड्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांनी फांद्यांच्या घेराखाली 30 ते 45 सेंटिमीटर ओल जाईल इतकं पाणी द्या. खोडाशी नको. घेराखाली खणू नका, मातीचा भराव टाकू नका, प्लास्टिकही अंथरू नका. तिथे टेप काढलेले पुठ्ठे 15-20 सेंटिमीटर एकमेकांवर चढवून पसरा, भिजवा, वर लाकडाच्या चिपा घाला.

प्रश्न: फवाऱ्यांच्या जुन्या नळ्यांवर ठिबक बसेल का?

उत्तर: बसेल. फवाऱ्यांची तोंडं बंद करा, 120 मेशची (इंचाला 120 छिद्रांची) गाळणी आणि दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोवर आणणारा रेग्युलेटर लावा. फवारे आणि ठिबक एकाच व्हॉल्व्हवर ठेवू नका. फवाऱ्याला मिनिटं पुरतात, ठिबकला तास लागतात. दोन्हींपैकी एकाचं नुकसान ठरलेलंच.

प्रश्न: लागवड झाली, पण लोक म्हणतात जागा उजाड दिसते. रोपांची संख्या वाढवावी का?

उत्तर: वाढवू नका. पूर्ण वाढीला झुडपाचा पसारा दीड मीटर होणार असेल तर अंतरही दीड मीटरच हवं. दाटी केली की तिसऱ्या वर्षी निम्मी उपटावी लागतात. मोकळ्या जागेत हंगामी स्थानिक फुलांचं बी टाका. 7 ते 10 सेंटिमीटर आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं दूर, नाहीतर बुंधा कुजतो. पायवाटेच्या कडेला गुडघ्याइतकीच झाडं ठेवा आणि कड रेखीव राखा. कड नीट असली की आतली मोकळी वाढ लोकांना खटकत नाही. पहिली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी खुरपणी होईल, एवढी माणसं लागवडीआधीच ठरवून ठेवा. बहुतेक बागा पाण्यावाचून नव्हे, तणामुळे मोडतात.