भावाचा एमआरआय आणि माझी बारावी

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या भावाचा गुडघा सहा महिने दुखत होता. ‘वाढीचं वय आहे, दुखायचंच’ असं सगळे म्हणायचे. शेवटी एक्स-रे, एमआरआय केला आणि कूर्चेची गाठ निघाली, कॉन्ड्रोब्लास्टोमा. साधी होती, ऑपरेशन झालं. अशा गाठी ओळखायचं काम मला करायचं आहे. बाबा म्हणतात, इतक्या दुर्मिळ आजारावर करिअर होतं का? मी बारावी सायन्सला आहे.

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. हाडाच्या गाठी मुळातच कमी, त्यात कॉन्ड्रोब्लास्टोमा जेमतेम १ टक्का. तेवढ्यावर कुणाचा दिवस भरत नाही. मुलांच्या रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे एक्स-रे, एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरचं, रोजचं काम न्यूमोनियाची छाती, मोडलेलं मनगट, पोटाची सोनोग्राफी.

पण ती गाठ सापडते ती या रोजच्या कामामुळेच. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ ग्रोथ प्लेट असते, हाड जिथून लांबीला वाढतं तो थर. ती कूर्चेची, म्हणून एक्स-रेत काळी फट दिसते. नवख्याला फ्रॅक्चरच वाटेल. वयागणिक तिचं रूप बदलतं. शेकडो निरोगी गुडघे पाहिलेल्या डोळ्यालाच खटकतं की फटीपलीकडे, हाडाच्या अगदी टोकात, बारीक पांढऱ्या कडेचा हा काळसर गोल इथं असायला नको. एमआरआयमध्ये तर गाठ एवढीशी आणि भोवतीची सूज भलीमोठी, त्यामुळे जंतुसंसर्ग वाटून फसगत होऊ शकते. थोडक्यात, रोजचे साधे गुडघे बघायचा कंटाळा येणार असेल, तर या वाटेला जाऊ नकोस. आधी वैद्यकीय पदवी, मग रेडिओलॉजी, मग मुलांच्या इमेजिंगचं वेगळं प्रशिक्षण : दहाएक वर्षं धरून चाल.

आता एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. तुझं पत्र इथं मी छोटं केलंय. मूळ तीन पानांतली दोन पानं रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांवर नाहीतच. मशीनच्या खडखडाटात माइकवरून ‘आता चार मिनिटं पुतळा हं’ म्हणत भावाला स्थिर ठेवणाऱ्या टेक्नॉलॉजिस्ट ताईंवर आहेत. पोरगं हललं की चित्र फिसकटतं. मग रेडिओलॉजिस्ट कितीही हुशार असो, काय वाचणार? तो अभ्यासक्रम वेगळा आणि तीन-चार वर्षांचा. त्याला ‘डॉक्टरकी जमली नाही म्हणून’ असं समजणाऱ्या नातेवाइकांकडे दुर्लक्ष कर.

आणि शेवटचा शब्द आपलाच हवा असेल, तर तो बहुतेकदा सूक्ष्मदर्शकापाशी ठरतो. कॉन्ड्रोब्लास्टोमा हे नाव १९४२ साली जाफे आणि लिख्टेनस्टाइन यांनी दिलं, दोघेही पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर.

भावाच्या फॉलोअपला सोबत जाशील तेव्हा त्या ताईंना विचार, एक दिवस कंट्रोल रूममध्ये बसू देतील का. तिथं तुझी नजर स्क्रीनवर खिळते की काचेपलीकडच्या मुलावर, ते मला कळव.