एंजल माशांची अंडी पांढरी पडतात; ती वेगळी काढावीत का?

आपल्या एंजल जोडीने फिल्टरच्या नळीवर दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा ती तिसऱ्या दिवसापर्यंत पांढरी पडून नाहीशी झाली, तेव्हा पुढच्या वेळी आई-बापांना बाजूला काढावे की अंड्यांना, असे आपण विचारले आहे. मी इंदूरला रामबागेत राहते आणि बरीच वर्षे घरच्या टाकीत एंजलची पिल्ले वाढवत आले आहे. माझ्या मते अंडी काढावीत, मात्र आधी ती पांढरी का पडतात ते पाहावे.

फळलेले अंडे मधाच्या थेंबासारखे पारदर्शक राहते, तर न फळलेले एका दिवसात दुधी होते. त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही पसरते. एकूण एक अंडे पांढरे पडत असेल तर आपल्याकडे दोन्ही माद्याच असू शकतात, कारण एंजलच्या दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली जी नळी दिसते ती नराची बारीक व टोकदार, मादीची जाड व बोथट असते. दुसरे कारण पाण्याचे. हा मासा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्याचा, आणि बोअरिंगच्या जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत. मी त्यासाठी नर्मदेच्या नळाचे पाणी चोवीस तास हवा सोडून, क्लोरीन उडाल्यावरच वापरते.

टाकीत पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा ठेवावा. बहुतेक जोड्या त्यावर अंडी घालतात आणि तो तसाच उचलता येतो. अंडी घालून झाल्यावर तो त्याच टाकीचे पाणी भरलेल्या वीस-तीस लिटरच्या लहान टाकीत न्यावा, तापमान 27 ते 28 अंश ठेवावे आणि पाणी फिकट आकाशी होईल इतपतच मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारे निळे औषध टाकावे. हवेचा दगड अंड्यांजवळ असावा, पण बुडबुडे थेट त्यांवर आपटू नयेत. साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्ले डोक्याने पाइपला चिकटून शेपट्या हलवत राहतात. मग रोज थोडे पाणी बदलून निळा रंग काढून टाकावा आणि मोठ्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर आणून बसवावा. तो आधी बसवल्यास औषधाने त्यातले उपयोगी जीवाणू मरतात.

अंडी फुटल्यापासून पाच-सहा दिवस पिल्ले पोटातल्या बलकावरच जगतात, म्हणून या काळात काहीही खायला घालू नये. माझी पहिली खेप पुढच्याच टप्प्यावर गेली. पिल्ले पोहू लागली तेव्हा घरात योग्य खाद्य नव्हते. मी उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून घातला, रात्रीत पाणी नासले आणि दोन दिवसांत टाकी रिकामी झाली. त्या पिल्लांचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून अंडी फुटली की मी लगेच आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवांची, तयारी करते. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम आयोडीन नसलेले खडे मीठ विरघळवून, उलट्या बाटलीत खालून जोरात हवा सोडली की आर्टेमियाची अंडी चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. हवा बंद केल्यावर दहा मिनिटांत टरफले वर तरंगतात आणि केशरी जीव तळाशी बसतात. ते बारीक नळीने ओढून घ्यावेत, सुती कापडावर गोड्या पाण्याने धुवावेत आणि लगेच खाऊ घालावेत, कारण वेळ जाईल तसा त्यांचा कस कमी होतो. एक बाटली संपायच्या आत दुसरी लावलेली असावी.

पिल्ले खाऊ लागली की त्यांची पारदर्शक पोटे नारिंगी होतात. खाल्ल्यावर दहा मिनिटांनी मी विजेरी धरून तेवढेच पाहते. ज्या पिल्लाचे पोट रिकामे दिसते ते सहसा दुसऱ्या दिवशी राहत नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे, गोड्या पाण्यात मेलेला आर्टेमिया संध्याकाळी तळातून ओढून काढावा आणि त्याच तापमानाचे एक चतुर्थांश पाणी रोज बदलावे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा वाढतो, तेव्हा बदलायच्या पाण्याच्या बादलीतही मी हीटर ठेवते.

सुरुवातीला ही पिल्ले सरळ, काडीसारखी असतात. महिनाभराने पर उंच होऊन एंजलचा आकार दिसू लागला की त्यांना मोठ्या टाकीत हलवावे; दाटीत वाढलेल्या पिल्लांचे पर आखूड राहिलेले मी पाहिले आहेत.