वाचकांचे प्रश्न : काकडीचा केवडा, भोपळ्याची भुरी

प्रश्न : काकडीच्या पानांवर पिवळे डाग पडून पाने वाळत आहेत. गंधक दोनदा फवारले, तरी रोग थांबत नाही. काय चुकते आहे?

उत्तर : औषधच चुकले आहे. वर्णनावरून हा केवडा नावाचा पानांचा रोग वाटतो. गंधक चालते ते भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरे पीठ पसरवणाऱ्या रोगावर. खात्रीसाठी भल्या सकाळी, दव वाळण्याआधी, पान उलटून पाहा. शिरांनी अडवल्यामुळे डाग कोनाकोनांचा दिसतो आणि त्याच्या बरोबर पाठीमागे करडी-जांभळट लव असते. उन्हे चढली की ती सुकते. मग दुपारी पाहणाऱ्याला अन्नद्रव्यांची कमतरता वाटते आणि वेलाला उगाच खत पडते.

केवडा रुजायला पान काही तास ओले राहावे लागते. म्हणून आधी पाणी सुधारा : तुषार बंद करून ठिबक घ्या, संध्याकाळी पाने भिजवू नका, वेल ताटीवर चढवा, खालची रोगट पाने काढून शेताबाहेर पुरा. त्यानंतर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, ७५ टक्के, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम. फवारा पानाच्या खालून गेलाच पाहिजे, कारण हे औषध पानात मुरत नाही. जिथे बसेल तेवढेच राखते. नवी पाने उघडीच राहतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा फवारणी लागते. काकडी दिवसाआड तोडली जाते, हे मात्र विसरू नका. आधी तोडणी, मग फवारणी. लेबलवरचा प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस) संपेपर्यंत तयार होणारी फळे कोणाच्याही ताटात जाऊ देऊ नका.

प्रश्न : पाऊस नसताना भोपळ्यावर भुरी कशी आली?

उत्तर : भुरीला पानावर पाणी लागतच नाही. दाट वेल, सावली आणि कोंदट हवा तिला पुरते. आधी डाग बोटाने पुसा. पीठ बोटाला लागले तर भुरी. काही जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात चंदेरी ठिपके मुळातच असतात. ते पुसले जात नाहीत, त्यांना औषध नको. भुरी असेल तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ते २५ ग्रॅम. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, किंवा दोन आठवड्यांत तेलाची फवारणी झाली असेल, तर गंधक वापरू नका; पाने करपतात. वेलवर्गात काही जाती गंधकाला फार नाजूक असतात, म्हणून आधी चार-पाच पानांवर फवारून दोन दिवस पाहा.

प्रश्न : पाने हिरवी-पिवळी, सुरकुतलेली, फळांवर गाठी. कोणते औषध मारावे?

उत्तर : हा मोझॅक, विषाणूमुळे होणारा रोग; विषाणूवर औषध नाही. मावा ही रस शोषणारी बारीक कीड; तो सोंड खुपसल्यावर काही सेकंदांतच रोग देऊन जातो, कीटकनाशकाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. थोडे वेल असतील तर लगेच उपटा, आणि तोच हात निरोगी वेलाला लावू नका. पुढच्या लागवडीला चंदेरी आच्छादन अंथरा. त्याच्या चकाकीने मावा कमी उतरतो. बांधावरचे तण लागवडीआधीच काढा.