पाणवठ्याच्या प्रश्नावर बोलायला जाताना

पाणवठ्यावरच्या जातिभेदाबद्दल बोलायला गावात पहिल्यांदाच निघाला आहात, म्हणून सांगतो. आधी दलित वस्तीत जा, तिथे दिलेला चहा निःसंकोच घ्या आणि समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडून पुन्हा सांगून ते बरोबर समजले का, हे विचारा. जात कळावी म्हणून आडनाव मात्र विचारू नका. तो प्रश्न अनेकांना आयुष्यभर बोचलेला असतो.

‘आता भेदभाव कुठे राहिला?’ असे कोणी म्हणाले, तर वाद न घालता कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरते, एवढेच शांतपणे विचारा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने चवदार तळे सर्वांना खुले केले होते, तरीही तिथले पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि सत्याग्रहींना मार खावा लागला, हे त्यांना आवर्जून सांगा.