शिवणाचा पहिला टाका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. आजी गोधडी शिवायला बसली की तिलाही सुई हवी असते. जुन्या साडीचा तुकडा देऊन पाहिला. पाच मिनिटांत गुंता झाला आणि तिने तो भिरकावला. अजून लहान आहे का?

उत्तर : वय योग्य आहे, सामान चुकलं. जुनी साडी मऊ असते, लहान बोटांत ताठ राहत नाही, आणि तिची वीण इतकी बारीक की सुई कुठे घालायची हेच मुलाला दिसत नाही. मॅटीचं कापड आणा. त्याची भोकं मोजता येतात. वीतभर चौकोन पुरे. कडांचे दोरे निघू नयेत म्हणून चारही बाजूंना चिकटपट्टी लावा. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची, १८ नंबरची घ्या (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते). दोरा भरतकामाचा, सहाही पदर एकत्र.

दोऱ्याची लांबी फार महत्त्वाची. तिच्या बोटांच्या टोकापासून तिच्या खांद्यापर्यंत, तुमच्या नव्हे. एकदा हात लांब केला की सगळा दोरा ओढून झाला पाहिजे. उरलेला दोराच गुंततो.

पेन्सिलीने सरळ रेघ मारून तिच्यावर दर सेंटिमीटरला ठिपका द्या. एका ठिपक्यातून सुई वर, पुढच्यातून खाली. हाच धावदोरा, आजीच्या गोधडीतलाही हाच. इथे जवळजवळ प्रत्येक मूल एक चूक करतं: सुई खाली गेली की ती कापडाच्या कडेवरून फिरवून पुन्हा वरूनच टोचतं आणि दोरा कडेला गुंडाळला जातो. कापडाखाली घर, कापडावर अंगण असं ठरवा आणि प्रत्येक टाक्याआधी विचारा, “सुई आता घरात आहे की अंगणात?” अंगणात असेल तर घरात जायचं, घरात असेल तर बाहेर यायचं. चार-पाच दिवसांत विचारावं लागत नाही.

चुकलेला टाका सुई उलटी घालून काढू देऊ नका, ती दोऱ्याच्या पदरांत शिरते. सुईतून दोरा काढून टाका ओढून घ्यावा. म्हणून या वयात दोरा एकेरीच ठेवायचा. दोन्ही टोकांना मिळून गाठ मारली की माघार घेता येत नाही. भरतकामाची लहान गोल रिंग लावली तर कापड फ्रॉकला शिवलं जाण्याचा नेहमीचा प्रकारही टळतो. रोज दहा-पंधरा मिनिटंच. बसताना एक सुई मोजून द्यायची, उठताना मोजून परत घ्यायची. यात सूट नको.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, डावखुरा. सुईतून दोरा सारखा निसटतो, मध्येच पीळ पडून गाठी होतात आणि कापडाला चुण्या पडतात.

उत्तर : तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तो फक्त सुई ओढतो, म्हणून दोरा निसटतो. नेढ्यापलीकडे चार बोटं शेपूट ठेवा आणि ओढताना नेढं चिमटीत धरायला शिकवा. पीळ पडतो कारण प्रत्येक टाक्याला सुई बोटांत थोडी फिरते. आठ-दहा टाक्यांनी कापड उचलून सुई लोंबती सोडायची, पीळ आपोआप उलगडतो. चुण्या जास्त ओढल्याने पडतात. दोरा कापडाला टेकला की थांबायचं, आणि ओळ संपल्यावर अंगठ्याने सुरुवातीपासून शेवटाकडे कापड सारखं करायचं.

डावखुऱ्या मुलाने डावीकडून उजवीकडे शिवावं. तुम्ही उजव्या हाताने शिवत असाल तर शेजारी नको, समोर बसा. त्याला तुमचे हात आरशासारखे दिसतील. हात बदलायला मात्र अजिबात लावू नका.

धावदोरा सरळ येऊ लागला की चार भोकांचं मोठं बटण द्या. बटणावर आगपेटीची काडी आडवी धरून तिच्यावरून टाके घालायचे, मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि बटणाखाली दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. ही सैल जागा नसेल तर बटण काजात नीट बसत नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला शिलाई मशीन द्यावं का?

उत्तर : हातशिलाईची उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घातलेली) सरळ येत असेल आणि पाय पायट्यावर पूर्ण टेकत असेल तर द्या, पण शेजारी बसून. पहिले काही दिवस दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावरच चालवायचं. भोकं रेघेवर पडू लागली, कोपऱ्यावर सुई कागदात ठेवून दाब (सुईजवळची, कापड दाबून धरणारी पट्टी) उचलणं जमलं, की मग दोरा ओवायचा. कागदावर चालवलेली सुई बोथट होते. कापडासाठी नवी लावा.